समुद्र वगळून

पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकल्या की आमच्या आळीचे आवाज बदलायचे. एरवी घराघरांतून बायकांचेच आवाज. त्या दिवसांत मात्र पुरुषांचं खोकणं, ओटीवर जाळी सांधता सांधता चाललेल्या गप्पा, मधूनच एखादं जुनं भांडण उकरून काढल्याचा गलका. पलीकडे खताच्या कारखान्याचा भोंगा पाळी बदलली की वाजायचा आणि त्यावर आळीतली कुत्री न चुकता विव्हळायची. त्या वर्षी आमच्या ओटीवर मात्र कोणी खोकत नव्हतं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मुलगा नाही म्हणून ताईचे यजमान, आमचे हरीभावोजी, आमच्याचकडे राहायला आले होते, आणि ते शिमग्यानंतर समुद्रात गेले ते आलेच नाहीत. जाळं ओढताना तोल गेला, तांडेलानं, म्हणजे होडीच्या मुख्यानं, दोरी फेकली, ती त्यांच्या हाताला लागली नाही, असं होडीवरचे खलाशी सांगत आले. ते सांगत होते तेव्हा ताई सुपात जवळा पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

ताई रडली नाही, हीच आमच्या घरातली सगळ्यात जड गोष्ट होती. ती पहाटे उठे, पाटी घेऊन अलिबागच्या बाजाराला जाई, दुपारी येऊन बोंबील वळवत बसे, संध्याकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापी, आणि एक भाकरी रोज उरे. ती उरलेली भाकरी आये सकाळी चहाबरोबर खायची. भावोजींचं प्रेत मिळालं नव्हतं, त्यामुळे गावातल्या जाणत्यांनाही काही ठाम बोलता येईना. शेवटी त्यांनी नारळी पुनवेपर्यंत वाट बघायची, मग क्रियाकर्म करून मोकळं व्हायचं, असं ठरवलं. ताई म्हणाली, करायचं तर करा, मी त्या दिवशी घरात नसेन. आयेनं नुसती मान हलवली. आमची आये तेव्हा पन्नाशीची असेल, पण मला आठवते ती कायम भिंतीला टेकलेली. आता मी तिच्या त्या वयाच्या पुढे गेले आणि मलाही भिंत लागते, तेव्हा कळतं की ती आळशी नव्हती, दमलेली होती.

मी तेव्हा कारखान्याच्या वसाहतीतल्या वाचनालयात लागले होते. बारावी झालेली, मासळीच्या पाटीला नाक मुरडणारी, सायकलवरून कामाला जाणारी म्हणून आळीत माझी थट्टा व्हायची. ‘बाय हापिसला चालली’ असं म्हणून बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. वाचनालयात लिमये मॅडम मुख्य. त्यांचे केस लवकर पिकले होते आणि आवाज कधी चढत नसे. त्या वर्षी आमच्याकडे कॉम्प्युटर आला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि बटणांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. लाकडी खणांतल्या कार्डांवर जे लिहिलं होतं ते सगळं त्या यंत्रात भरायचं काम माझ्याकडे आलं. पुस्तकाचं नाव, लेखक, विषय, वयोगट. दिवसभर तेच. पुस्तक उघडून बघायला वेळ नसे. बालविभाग तर मी कार्डं बघून झोपेत उतरवावा तसा उतरवला.

मॅडमनी मला शोधायला शिकवलं ते त्याच दिवसांत. दोन शब्दांमध्ये ‘आणि’ घातलं की यादी आखडते, ‘किंवा’ घातलं की पसरते, आणि ‘वगळून’ घातलं की नको ते बाहेर पडतं. मला ते लगेच समजलं, कारण आमच्याकडे बारीक भोकांचं जाळं वेगळं आणि मोठ्या भोकांचं वेगळं हे लहानपणापासून माहीत असतं. मी तसं म्हटल्यावर मॅडम हसल्या. म्हणाल्या, ‘बरोबर. पण एक लक्षात ठेव, विषय हा ज्यानं पुस्तक वाचलं त्यानं लिहिलेला असतो. शोधणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते यंत्राला माहीत नसतं. म्हणून एका शब्दानं मिळालं नाही तर शब्द बदल, यंत्रावर चिडू नको.’ मी मान डोलावली. अशा गोष्टी आपण मान डोलावून ऐकतो आणि गरज पडेपर्यंत विसरतो.

गरज पडली ती सोनीमुळे. सोनी ताईची मुलगी, त्या वर्षी पहिलीत बसली होती. आळीतल्या सगळ्या पोरांचे बाप घरी, आणि ही एकटी आमच्या रिकाम्या ओटीवर. एका संध्याकाळी ताटावर बसली आणि जेवेना. सुक्या बोंबलाचं कालवण तिच्या आवडीचं, तरी तोंड फिरवून बसली.

‘मावशे, ते पुस्तक आन ना.’

‘कुठला गो?’

‘पान्याखालच्या मानसाचं. पप्पा वाचायचा ते.’

मागच्या वर्षी होड्या वर होत्या तेव्हा मी वाचनालयातली चित्रांची पुस्तकं संध्याकाळी घरी आणायची आणि सकाळी परत ठेवायची. त्याची नोंद करायची पद्धत नव्हती. माझी कधी संध्याकाळची पाळी असली की पुस्तकं मी कुणाच्या तरी हाती घरी धाडायची, आणि भावोजी सोनीला मांडीत घेऊन बसायचे एवढं मला ठाऊक होतं. कुठलं पुस्तक कुठल्या दिवशी आणलं हे आठवणं शक्यच नव्हतं. म्हणून मी तिला म्हटलं, सांग बघू त्यात काय काय होतं.

‘एक मानूस असतो. त्याच्या डोक्याला काचेचा हंडा. काला काला पानी, आनि त्यात पानी पेटलेला. तो दोरीला बांधलेला असतो, दोरी वरती होडीला. तो खडकावर उतरतो. मंग परत येतो.’

रात्रीच्या समुद्रात जाळं हलवलं की पाण्यात निळसर ठिणग्या उडतात, त्याला आमच्याकडे पाणी पेटलं म्हणतात. मला वाटलं, चला, सोपं आहे. समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याचं पुस्तक, असून असून किती असणार. आये म्हणाली, ‘आन बाय, पोर जेवंल तरी.’ चुलीपाशी ताईचे हात थांबले. ती आमच्याकडे न बघता म्हणाली, ‘काय नको आनू. आठवन काढाया तो मेलाय काय?’

सोनीनं दोन घास कसेबसे खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवसापासून मी शोधायला लागले. विषयात ‘पाणबुड्या’ टाकलं, काहीच नाही. ‘समुद्र’ टाकलं तर पडदा भरून वाहायला लागला. माशांची पुस्तकं, शंखशिंपल्यांची, चाच्यांची, जलपरीची. ‘समुद्र आणि खडक’ टाकलं तर समुद्रकिनाऱ्यावरच्या खेकड्यांचं एक पुस्तक आलं. मी ते घरी नेलं, सोनीनं पहिलं पान बघूनच बाजूला सारलं. ‘मासे किंवा कोळी’ टाकलं, वयोगट बदलून पाहिला, नावाचा पहिला शब्द नुसता अर्धा टाकून पाहिला. जे मिळेल ते पिशवीत भरून न्यायचे, आणि पोरगी बाजारात गिऱ्हाईक मासळीचे कल्ले उचलून बघतं तशी एकेक पुस्तक उचलून बघायची आणि नाही म्हणायची. तिला थोडीही घाई नव्हती. घाई मला होती. कारण यंत्राचं काम पुरं होत आलं तसं मॅडमना वरून सांगणं आलं होतं की फाटकी पुस्तकं बाद करून रद्दीत द्यावीत, जागा मोकळी करावी. मागच्या खोलीत गोण्या भरून ठेवल्या होत्या. बालविभागातली अर्धी पुस्तकं फाटकीच असतात, मुलं वाचतात म्हणून. गोण्या न्यायला माणूस पुनवेच्या आधी येणार होता. ते पुस्तक त्यातच असलं तर एकदा गेलं की गेलं, आणि भावोजींचं आमच्याकडे तसंही काही उरलं नव्हतं. फोटोसुद्धा लग्नातला एकच, त्यात ते मुंडावळ्यांमागे लपलेले.

मी दमून गेले होते. दिवसभर हिरवी अक्षरं, संध्याकाळी सोनीची नाही, रात्री ताईची उरलेली भाकरी. आजही कोणी पुस्तक शोधून मिळत नाही म्हणून माझ्या टेबलाशी येऊन चडफडतं तेव्हा मला त्या दिवसांतला तो डोळ्यांमागचा ठणका आठवतो. लोकांना वाटतं, आता फोनवर सगळं मिळतं, तुमचं काय काम. मिळतं, बाबांनो. पण काय विचारायचं हे ठाऊक असेल तर मिळतं.

मग एका दुपारी सुट्टी होती. पाऊस थांबलेला, ओटीवर सोनी तिचं शाळेचं पुस्तक घेऊन बसली होती. मी म्हटलं, वाच की मोठ्यानं. तिनं बाईंनी शिकवल्याप्रमाणे अक्षरांखाली बोट धरून क-म-ल वाचलं. मग मान वर करून म्हणाली, ‘पप्पा असा न्हाय वाचायचा. पप्पा पटापट वाचायचा.’

‘कसा वाचायचा?’

तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, कमळाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि ते पाकळ्यांवरून देठाकडे, देठावरून पाण्याकडे फिरवलं. अक्षरांकडे ते बोट गेलंच नाही.

मी तिथेच बसून राहिले. भावोजी शाळेत गेले नव्हते. ते मला माहीत होतं, गावातल्या निम्म्या पुरुषांसारखेच ते अंगठ्याचे होते, पण सोनी म्हणाली ‘वाचायचा’ आणि मी तेच धरून चालले. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं. त्यांनी चित्रं बघितली होती आणि त्यांना जे दिसलं ते सांगितलं होतं. ज्या माणसानं जन्मभर एकच समुद्र बघितला त्याला काळ्या कागदावर दुसरं काय दिसणार. मॅडम म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा खऱ्या अर्थानं कळलं. विषय लिहिणाऱ्यानं मजकूर वाचला होता आणि मी शोधत होते ते भावोजींच्या डोक्यातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्रापुढे बसले आणि सोनीनं सांगितलेल्यातून समुद्राचं सगळं काढून टाकलं. उरलं काय? एक माणूस कुठेतरी जातो आणि परत येतो. म्हणजे प्रवास. मी ‘प्रवास’ टाकलं आणि त्यापुढे ‘समुद्र वगळून’. यादी आली ती बेताची. आगगाडीचा प्रवास, फुग्यातून प्रवास, वाळवंटातला उंटावरचा, एक चिमणीचा. त्याखाली अंतराळप्रवास. मी तो शब्द नोंदी उतरवताना कितीदा तरी टाइप केला असेल, पण कधी थांबून बघितला नव्हता. डोक्याला काचेचा हंडा. दोरीला बांधलेला. काळोख आणि त्यात चमचमणारे ठिपके.

नोंदीत पुढे लिहिलं होतं, ‘जीर्ण, बाद’. मी मॅडमना सांगायलाही थांबले नाही, मागच्या खोलीत जाऊन गोण्या उपसल्या. मॅडम दाराशी आल्या, माझ्याकडून पुस्तकाचं नाव ऐकलं आणि दुसरी गोणी स्वतः सोडायला बसल्या. पुस्तक त्यांनाच सापडलं. पुठ्ठा नव्हता, कडा कुरतडल्यासारख्या, आणि आत मधल्या पानावर, चंद्राच्या चित्रावर, डांबराचा एक डाग. होडीच्या बुडाला डांबर फासताना हाताला लागतं ते कितीही धुतलं तरी जात नाही. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि म्हणाल्या, ‘आज लवकर जा.’

वाटेत मात्र मला धास्ती वाटायला लागली. त्या पुस्तकात माणूस परत येतो. ताई आधीच वाट बघते आहे, सोनीनं ते तिच्यासमोर म्हटलं तर ती आयुष्यभर भाकरी उरवत बसेल. सायकल हातात धरून मी बराच वेळ किनाऱ्यावर उभी राहिले. समोर खांदेरीचं बेट नेहमीसारखं. शेवटी पुस्तक पिशवीत ठेवून घरी आले, कारण सोनीला नाही म्हणण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं.

सोनीनं वर्तमानपत्र काढलं. पुस्तक मांडीवर घेतलं, भावोजी बसत त्याच खांबाला टेकली, आणि बोट चित्रावर ठेवलं. मागच्या दारात ताई जवळा पाखडत होती. सुपाचा आवाज चालू होता.

‘ह्यो बग, ह्यो चाललाय,’ सोनी म्हणाली, आणि तो आवाज तिचा नव्हता. शब्दांना भावोजींचा हेल होता, मधेच थांबून घसा साफ करायची खोडसुद्धा. ‘डोक्याला हंडा का घातलाय? कानात पानी जाईल म्हनून. आनि ही दोरी. दोरीचं टोक तांडेलाकडं. तांडेल झोपला तर मेला.’ आये भिंतीला टेकलेली ती सरळ बसली. चंद्रावरच्या खड्ड्यांवर बोट गेलं. ‘ह्या खडकात चिंबोऱ्या राहतात. हात घालू नको, चावतील.’ मग काळोखात लांब दिसणारी निळी पृथ्वी. ‘ह्यो निला बोया, पान्यावर तरंगतोय. ह्यो दिसला म्हंजे त्या बाजूला घर हाय. बोया सोडून कुठं जायाचं न्हाय.’ ओटीवर आता फक्त तिचाच आवाज होता, कारण सूप थांबलं होतं. ताई मधल्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात सूप तसंच.

शेवटच्या पानांवर ते यान छत्र्यांना लटकून समुद्रात उतरतं, आणि जहाजावरचे लोक त्याला ओढून घेतात. तिथला समुद्र मात्र खराच समुद्र होता. सोनी म्हणाली, ‘शिडं सोडली, होडी पान्यावर आपटली. आता वरती ही कोन उबी? ही त्याची बायको.’ जहाजाच्या कठड्याशी कुणी एक उभं होतं, पांढऱ्या कपड्यातलं, कमरेवर हात ठेवून. ‘ती काय बोलते? ती बोलते, आलास? भाकर गार झायली. आदी पाय धू, मंग घरात पाय टाक.’

ताईच्या तोंडून हसू फुटलं. ते तिचंच वाक्य होतं, रोजचं, ते आळीला पाठ होतं. ती हसत हसत खाली बसली, सोनीच्या शेजारी, आणि तिनं पुस्तकातल्या दोरीवर बोट ठेवलं.

‘आनि ही सुटली तर?’ तिनं विचारलं.

‘मी इचारलेलं पप्पाला,’ सोनी म्हणाली, आता तिच्या स्वतःच्या आवाजात. ‘पप्पा बोल्ला, सुटली तर न्हाय येत. मंग वाट न्हाय बगायची. बायकोनं भाकर खाऊन घ्यायची.’

ताईनं सूप बाजूला ठेवलं. मग ती रडली. सूप कलंडून जवळा ओटीभर सांडला होता आणि मांजर त्यात फिरत होतं, तरी कोणी उठलं नाही. आये तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मी खांबापाशी उभी राहून रडत होते, आणि मला हलकं वाटत होतं, हेही खरं सांगते. संध्याकाळी ताईनंच भाकऱ्या थापल्या. सगळ्या संपल्या. पुनवेच्या आधी जाणते घरी आले तेव्हा तिनं त्यांना पाट मांडून दिले, आणि क्रियेच्या दिवशी ती घरातच होती.

पुस्तक मी परत नेलं. मॅडमनी ते माझ्या सांगण्यावरून शिवून घेतलं, त्याला नवा पुठ्ठा घातला, आणि नोंदीतलं ‘बाद’ काढायला मला सांगितलं. ते काढताना मी विषयाच्या रकान्यात ‘अंतराळप्रवास’च्या पुढे आणखी एक शब्द टाइप केला. मॅडमनी तो पाहिला. त्या शिस्तीच्या बाई होत्या, मला वाटलं पुसायला लावतील. त्यांनी पुढचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

तेव्हापासून यंत्रं कितीतरी बदलली. जुन्या नोंदी नव्यात ओतल्या, त्या पुन्हा आणखी नव्यात. सोनी उरणला असते, तिचा नवरा न्हावा शेव्याला ट्रेलरवर आहे, तिची मुलगी कॉलेजात. ताईचे गुडघे गेले, आये कधीच गेली. मी निवृत्तीला टेकले आहे आणि खरं सांगायचं तर कंटाळले आहे. परवा आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी यादी तपासत होती. हुशार आहे, चुका भराभर पकडते. म्हणाली, ‘मॅडम, बालविभागात समुद्र टाकलं की सगळ्या माशांमध्ये एक अंतराळवीराचं पुस्तक येतंय. कुणीतरी चुकून टाकलंय. काढू?’

‘राहू दे,’ मी म्हटलं. ‘कोणी शोधत आलं तर मिळायला हवं.’